वीस किलोंच्या अलीकडे

पोतं फोडायच्या आधी मुद्देमाल कारकुनाने तोंडाला रुमाल बांधला आणि कोर्टात बसलेल्या आम्हा चार-पाच जणांना हसू आलं. वास येईल म्हणून बिचाऱ्याने तयारी केली होती. शिवण उसवली, तर आत वाळक्या तुराट्यांसारखं काहीतरी, तळाशी भुकटी आणि उंदरांच्या लेंड्या. वास म्हणावा तर जुन्या गोणपाटाचा. लेबलवर मात्र लिहिलेलं होतं, ‘ओलसर, हिरवट रंगाची, उग्र वासाची, पाने, फुले, बोंडे व काड्या असलेली गांजासदृश झाडे, मुळासह, नग १४, वजन २६ किलो ४०० ग्रॅम.’ खाली लाखेचा तुटका शिक्का आणि पंचांच्या सह्या. एक सही होती, दुसरा अंगठा.

मी तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याच्या एका जिल्ह्यात, एका छोट्या दैनिकासाठी कोर्टाच्या बातम्या करायचो. आरोपीच्या बाकावर बसलेला माणूस पावरा या आदिवासी समाजातला होता. वय कागदावर सव्वीस. कापसाच्या ओळींत मधेमधे लावलेली ही चौदा झाडं पोलिसांनी उपटली, तेव्हा तो तिथून शंभरेक पावलांवर गुरं राखत होता, असं त्याचं म्हणणं. फिर्यादीत तो ‘झाडांना पाणी देत असताना’ सापडला होता. पावसाळ्यात पाणी कशाला देईल, हा प्रश्न मला सुचला नव्हता, वकिलाला सुचला.

त्या आकड्यातल्या वरच्या सहा किलो चारशे ग्रॅमपायी तो तीन वर्षं आत होता. एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात २००१च्या दुरुस्तीपासून गांजाला पायऱ्या आहेत. एक किलोपर्यंत ‘अल्प’, वीस किलोंच्या वर ‘व्यावसायिक’, आणि अधलंमधलं ते मधलं. अल्पाला वर्षभरापर्यंत शिक्षा. मधल्याला दहा वर्षांपर्यंत. वीसच्या वर काटा गेला की कमीत कमी दहा, जास्तीत जास्त वीस वर्षं आणि लाखाच्या पुढे दंड. शिवाय कलम ३७ लागतं. म्हणजे जामीन देण्याआधी न्यायाधीशाची खात्री पटायला हवी की हा माणूस दोषी नसावा, आणि सुटल्यावर असलं काही करणार नाही. खटला उभा राहायच्या आधीच निर्दोष दिसावं लागतं. ज्याला मराठीत तारीख विचारली तर पावरीत ‘हो’ म्हणतो, तो हे कसं करणार?

वजन केलं होतं गावातल्या किराणा दुकानदाराने. छाप्याला जाताना पोलीस काटा आणि काटेवाला सोबत नेतात, मग तो साक्षीदार होतो. हा अगदी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

“तुमच्या काट्यावर एरवी काय मोजता?” बचावाच्या वकिलांनी विचारलं.

“मिरची, शेंगा. कधी कापूस.”

“झाडं मुळासकट मोजली?”

“हो.”

“मुळांची माती झटकली होती?”

त्याने जमादाराकडे पाहिलं. जमादार छताकडे पाहत होता. “पाऊस होता साहेब,” तो म्हणाला.

न्यायाधीशांनी टंकलेखकाला सांगितलं, “लिहा, त्या दिवशी पाऊस होता.”

कायद्यातली व्याख्या मी त्या दुपारी पहिल्यांदा नीट वाचली. गांजा म्हणजे या झाडाचे फुलोरा किंवा फळं धरलेले शेंडे. शेंड्यांसोबत नसतील तर पानं आणि बिया गांजा नव्हेत. मुळं, खोड, माती, पाऊस यांचं तर नावच नाही. पुढे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच व्याख्येवर बोट ठेवून एकाला जामीन दिला, तेव्हा मला तो इस्त्रीचा शर्ट आठवला. आमच्या पोत्यात शेंडे किती, पाला किती, चिखल किती, हे कुणी वेगळं काढलंच नव्हतं. आणि आता उंदरांनी काढायला काही ठेवलं नव्हतं. (उंदरांवर हसू नका. मथुरेत २०२२ साली पोलिसांनी कोर्टाला सांगितलं होतं की जप्त केलेला पाचशे किलोंहून जास्त गांजा उंदरांनी खाल्ला. त्या मानाने आमचे उंदीर अल्पाहारी.)

गांजा हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो कोर्टात नव्हे, आजोळी. आजोळ कन्नड तालुक्यात, घाटमाथ्यावर. घाट उतरला की चाळीसगाव, म्हणजे एके काळचा इंग्रजांचा खानदेश. वर निझामाचं राज्य. आबा, आईचे वडील, निझामीत वाढलेले. त्यांच्या बोलण्यात ‘हाली सिक्का’, म्हणजे निझामाचं नाणं, आणि ‘आबकारी’ हे शब्द अखेरपर्यंत होते. त्यांच्या लहानपणी बाजाराच्या गावी गांजाचा सरकारी ठेका होता. दुकानदार तोळ्याच्या तराजूत मोजून कागदाच्या पुडीत बांधून द्यायचा. सोन्याचा तराजू आणि गांजाचा तराजू सारखाच असतो, असं त्यांना बरीच वर्षं वाटत होतं.

गावात गांजा ओढणारे तिघे. एक मठातला बैरागी, एक रात्री मोटेवर जागणारा गडी आणि एक नात्यातलाच. त्याला सगळे ‘गांजेकस’ म्हणत, तोंडावर. आबा सांगायचे, त्याची चिलीम आणि तिच्या बुडाला धरायचं ओलं फडकं, म्हणजे छापी, देवळामागच्या कोनाड्यात असायची आणि पोरांनी हात लावला तर बैरागी चिमटा फेकून मारायचा. “गांजेकसाला कुणी मुलगी देत नव्हतं,” आबा म्हणायचे, “पण पोलिसातही कुणी देत नव्हतं.” आजी आतून ओरडायची, “फार गुण नका गाऊ! त्याच्या बायकोला विचारा, घरात दाणा नव्हता.” दोघंही खरं बोलत होते. आबांच्या गोष्टीत ती बायको कधी यायची नाही. आजीच्या गोष्टीत फक्त तीच असायची.

१९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा इकडे १९४९चा दारूबंदी कायदा होताच आणि भांग-गांजाही त्यात बांधलेले होते. आजही महाराष्ट्रात बिनपरवाना भांग बाळगता येत नाही. उत्तर प्रदेशात मात्र ती परवान्याच्या दुकानात रीतसर विकत मिळते. नर्मदेपलीकडचे पाहुणे महाशिवरात्रीला थंडाईचा विषय काढतात आणि आपण इकडेतिकडे बघतो, ते त्यामुळे.

नंतर कधीतरी मी इंग्रज सरकारच्या गांजा आयोगाचे खंड धुंडाळले. १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात विल्यम केन या दारूबंदीवाल्या सभासदाने प्रश्न विचारला, की हिंदुस्थानात या गांजाने लोक वेडे होताहेत, सरकार काय करतंय? सरकारने मॅकवर्थ यंग यांच्या हाताखाली आयोग नेमला. त्याने सत्तर प्रश्नांची यादी देशभर धाडली, हजारावर साक्षीदार तपासले. कलेक्टर, वैद्य, मिशनरी, बैरागी, जमीनदार. नगर जिल्ह्यात तेव्हा गांजाची रीतसर शेती होती, तिचीही चौकशी झाली. कलकत्त्यात तर एका माकडाला रोज गांजाची धुरी देऊन पाहिली. मला सगळ्यात मजा वाटली ती जेम्स कॅम्पबेल यांच्या टिपणाची. आपल्या जिल्ह्यांची जाडजूड गॅझेटियरं केली तेच हे कॅम्पबेल. एकोणिसाव्या शतकातलं खानदेशातलं पीक किंवा जात बघायची तर आजही त्यांचंच पान उघडावं लागतं. हा करडा कलेक्टर भांगेच्या पानात राहणाऱ्या देवतेबद्दल असं लिहितो, की वाटावं टिपण लिहिण्याआधी कुणीतरी घोटा पाजला असावा.

आयोगाचं खरं काम मात्र वेड्यांच्या इस्पितळातल्या नोंदवह्यांवर झालं. गांजाने वेड लागतं याचा पुरावा म्हणजे त्या वह्या. त्यांत ‘वेडाचं कारण’ असा रकाना होता आणि तो बहुतेकदा माणसाला आणून सोडणाऱ्या पोलिसाच्या माहितीवर भरला जाई. रकाना कोरा ठेवला तर वरून विचारणा होणार. मग ‘गांजा’ लिहिणं सोयीचं. १८९२ सालच्या २२२ रुग्णांच्या नावापुढे हे कारण होतं. आयोगाने एकेकाच्या घरापर्यंत जाऊन चौकशी केली, तेव्हा त्यातले ९८ उरले, आणि तेही गांजाचा काहीएक हात असावा एवढ्यापुरते. बेताने ओढणाऱ्याला सहसा अपाय होत नाही, अतिरेक करणाऱ्याला होतो, सरसकट बंदीची गरज नाही, कर लावा आणि लगाम ठेवा, असा १८९४चा निष्कर्ष. पुष्कळ लोक आयोगाच्या निष्कर्षाचं हे वाक्य छातीवर बिल्ल्यासारखं लावून फिरतात. मीही काही दिवस फिरलो.

मग भाच्याचं झालं.

धाकट्या बहिणीचा मुलगा. पुण्यात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. खोलीच्या खिडकीला त्याने आतून वर्तमानपत्र चिकटवलं होतं, कारण समोरच्या इमारतीत पाण्याची टाकी धुणारा माणूस त्याच्या नोंदी ठेवत होता. रूमवर सगळेच ओढायचे. दोनशे-पाचशेच्या पुड्या, मागवणं जेवण मागवण्याइतकं सोपं. बाकीचे तिघे ओढत राहिले आणि पास होत राहिले. हा एकटा खिडकीपाशी गेला. हे आयोगाच्या कुठल्या खंडात बसवू?

इस्पितळात त्याच्याजवळ मी चार रात्री होतो. तो डब्यातलं काही खायचा नाही. मी आधी घास घ्यायचा, मग तो माझ्या तोंडाकडे दोन मिनिटं बघत बसायचा, मग पोळीचा तेवढाच तुकडा, तेवढाच मोडून. माझ्या पोळीची उजवी कड तुटली असेल तर त्याच्याही पोळीची उजवी. हे झाड म्हणजे साधी वनस्पती, तिने कुणाचं काही बिघडत नाही, असं मला कुणी सांगितलं की मी वाद घालत नाही. तो डबा आठवतो, एवढंच.

डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, “मूळ आधीपासून असेल, गांजाने निमित्त केलं. पण पाच आठवडे आधी का नाही आणलंत?” कारण माझे मेहुणे भ्यायले होते. इस्पितळात खरं सांगितलं तर पोलीस केस होईल, मुलाला पासपोर्ट मिळणार नाही, नोकरीला पडताळणीत अडकेल. शेजाऱ्यांना त्यांनी कावीळ सांगितली होती. याच कायद्यात ६४अ असं एक कलम आहे. व्यसनी माणूस आपणहून उपचाराला गेला, तर सेवनासाठी किंवा अल्प मालासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. आठ वर्षं कोर्टाच्या बातम्या लिहून मलाही ते माहीत नव्हतं. छाप्याच्या बातमीत ते कधी येतच नाही. पाच आठवडे ते पोर वर्तमानपत्रामागे बसून होतं आणि आम्ही सगळे कावीळ-कावीळ खेळत होतो.

आणि तरीही बंदी हवी का, या प्रश्नावर माझं मत भाच्यामुळे बंदीकडे झुकलं नाही. बंदी होतीच की. तिने पुडी अडवली नाही, फक्त डॉक्टर अडवला.

बंदी आली कुठून, तेही बघण्यासारखं आहे. अमली पदार्थांवरच्या १९६१च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या वेळी भारतासारख्या देशांनी कुरकुर केली. भांगेचं पान व्याख्येतून सुटलं, आणि गांजा-चरसाचा नशेसाठीचा वापर बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. मुदत संपत आली तेव्हा १९८५ मध्ये एनडीपीएस कायदा आला. तुळशीत भांग उगवली, असं आपण म्हणतो. इथे एकाच झाडात कायद्याने तुळस आणि भांग उगवली. पान प्रसाद, शेंडा गुन्हा. २०१९च्या एम्सच्या पाहणीत देशात वर्षभरात गांजा-चरस ओढलेले सुमारे १ कोटी ३० लाख लोक निघाले. त्यांतले कोर्टात कोण येतात, तर माझ्या बीटवर आलेले सांगतो. रिक्षावाले, एसटीत पिशवी घेऊन बसलेल्या बाया, आंध्र-ओडिशाच्या सीमेवरून माल आणणारे ट्रकचे क्लीनर आणि वनजमीन कसणारे आदिवासी. बी देणारा आणि पीक उचलणारा व्यापारी आठ वर्षांत मी एकदाच पाहिला, तोही साक्षीदार म्हणून.

तीनेक वर्षांपूर्वी चुलतबहिणीकडे मिसिसागाला गेलो. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा खुला केला, पण तिच्या शहराने दुकानं नको म्हणून सांगितलं होतं. २०२३ मध्ये नगरपालिकेने मत बदललं आणि दुकानं उघडली. आमच्यासोबत तिच्या सासूबाई होत्या, मूळच्या सांगलीच्या. काचेचं दार, पांढरे दिवे, काउंटरमागे नम्र मुलगी. “होमिओपॅथीचं आहे का गं?” त्यांनी विचारलं. बहिणीने त्यांना पटकन पुढच्या भारतीय किराण्यात वळवलं. मी आत गेलो. एकोणीस वर्षं पूर्ण आहेत का, हे पांढऱ्या मिशा असूनही ओळखपत्रावर पाहिलं गेलं. साडेतीन ग्रॅमची डबी, लहान मुलांना उघडू नये असं झाकण, पिवळ्या चौकटीत आरोग्याचा इशारा, नशेच्या घटकाचं प्रमाण टक्क्यांत आणि कराचं तिकीट. माझी बहीण नर्स आहे. तिच्या मते तिथली मुलं दुकानांमुळे बिघडली नाहीत आणि सुधारलीही नाहीत. पार्किंगमध्ये वास वाढला आणि आयांची कुजबुज मराठी मंडळाच्या गणपतीतही उघड्यावर आली. ही कुजबुज उघड्यावर आली, ते मला फार मोठं वाटलं. माझ्या बहिणीच्या घरात ती पाच आठवडे आली नव्हती.

पण डबीवर कंपनीचं नाव होतं, शेतकऱ्याचं नव्हतं. टोरंटोचे माजी पोलीसप्रमुख ज्युलियन फँटिनो यांनी २००४ मध्ये गांजा मोकळा करण्याची तुलना खून मोकळे करण्याशी केली होती. तेच गृहस्थ २०१७ मध्ये औषधी गांजाची कंपनी काढून बसले. पूर्वी पकडलेल्यांसाठी माफीची सोय २०१९ मध्ये आली खरी, पण अर्ज करायचा, जुने कागद पोलिसांकडून आणि कोर्टातून गोळा करायचे. फार थोडे लोक तिथवर पोचले. काचेच्या दाराच्या आत जायला भांडवल लागतं, आणि ते आत जाऊन आलेल्यांकडे नसतं.

आपल्याकडेही आता वारा फिरतोय. उत्तराखंडने २०१८ मध्ये धाग्यासाठी, नशेचं प्रमाण नगण्य असलेल्या भांगेच्या शेतीला परवाना दिला. हिमाचलात हालचाल आहे. उद्या महाराष्ट्रात असा परवाना निघाला तर पहिले अर्ज कोणाचे असतील, मी आत्ता लिहून देतो. नाशिक-पुण्याच्या स्टार्टअपचे. कारण अर्जाला सातबारा जोडावा लागेल.

आणि आमच्या त्या खटल्यात सगळं सातबाऱ्यावरच येऊन थांबलं होतं. ज्या तुकड्यात ती चौदा झाडं होती, त्याच्या उताऱ्यावर मालक म्हणून वनखात्याचं नाव. आरोपीच्या बापाचा वनपट्ट्याचा दावा तालुक्याच्या कुठल्यातरी टेबलावर पडून. पट्टा मिळाला असता, तर जमीन त्याची ठरून तो आणखी अडकला असता. मिळाला नव्हता म्हणून पीक कोणाचं हे सरकारला सिद्ध करता आलं नाही. वकिलांनी तेवढंच धरलं. “कागदानुसार गांजाची लागवड वनखात्याच्या कब्जात होती,” ते म्हणाले, आणि सरकारी वकीलही हसले. वजनाचा घोळ होताच. निकाल चार मिनिटांत वाचून झाला. पुराव्याअभावी निर्दोष.

अटकेच्या दिवशीची बातमी माझीच होती. ‘सातपुड्यात गांजाची शेती उद्ध्वस्त’, चार कॉलम, पोलीस पथकाचा झाडांसोबत फोटो आणि मधे तो, मान खाली. सुटकेची बातमी मी दिली तेव्हा रात्रपाळीच्या उपसंपादकाने विचारलं, “यात बातमी काय?” दुसऱ्या दिवशी जिल्हा पानावर नेत्याचा वाढदिवस होता.

त्या दुपारी तो कोर्टाच्या पायऱ्यांवर बसला होता. बायको सोबत होती, कडेवर पोर. ते पोर बाप आत गेल्यावर जन्मलेलं. तीन वर्षं प्रत्येक तारखेला ती मला बातमीदार न समजता कोर्टाचा माणूस समजून अहिराणीत एकच विचारायची, “भाऊ, तो कव्हय सुटी?” आज तिने काहीच विचारलं नाही. तोच उठला आणि माझ्याकडे आला. जप्तीत त्याचा विळा गेला होता. पंचनाम्यात होता, ‘लाकडी मुठीचा लोखंडी विळा, नग १’. तो परत मिळेल का?

मी त्याला मुद्देमाल कारकुनाकडे नेलं. कारकुनाने वही काढली, बोट फिरवलं, नोंद सापडली. अपिलाची मुदत संपेपर्यंत वस्तू देता येत नाही, म्हणाला, त्यानंतर अर्ज करा, तिकीट लावून. त्याने मान हलवली. किती दिवस, ते मी त्याला बोटांवर मोजून दाखवलं. ज्वारीची कापणी तोवर होऊन जाणार होती.